नेमबाजीच्या काडतुसाचा वंश व त्याची निवड

१. प्रस्ताव

जुन्या शस्त्रांविषयीं आपल्याकडे जें लेखन होतें तें बहुतांशीं तरवार, पट्टा, भाला, बंदूक व तोफ यांजपुरतें असतें. बंदुकीच्या नळींतून जी वस्तु बाहेर पडते, व जिच्या मापानें ती नळी घडविलेली असते, तिचा विचार क्वचितच होतो. संग्राहकांच्या कपाटांत पिस्तूल मखमलीवर निजलेलें दिसतें. त्याचीं रिकामीं काडतुसें मात्र पत्र्याच्या एखाद्या डबींत, चिठ्ठीवांचून, खिळेचुकांच्या सोबतीस पडलेलीं असतात. पोथीचें रेशमी वेष्टन जपावें आणि आंतील पत्रें वाळवीस द्यावीं, त्यांतलाच हा प्रकार आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय याहूनहि आटोपशीर आहे. युद्ध, शिकार व आत्मरक्षण हीं प्रयोजनें बाजूस ठेवून, केवळ कागदी लक्ष्यावर नेम धरण्याच्या अभ्यासाकरितां पिस्तुलाचें काडतूस कसें निवडलें गेलें व कसें निवडावें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. या बाबतींत दोन समज रूढ आहेत. पहिला असा कीं, नेमबाजीचें काडतूस म्हणजे लढाईच्या काडतुसाचीच दुर्बळ केलेली प्रत. दुसरा असा कीं, काडतूस जितकें जोरदार तितका नेम अचूक. पहिला समज संग्राहकांत आढळतो, व त्यामुळें लहान काडतुसें पोरखेळ म्हणून फेंकून दिलीं जातात. दुसरा नवशिक्या नेमबाजांत आढळतो, व त्यामुळें पैसा आणि हात दोन्ही बिघडतात. हे दोन्ही समज इतिहासास धरून नाहींत, असें आमचें म्हणणें आहे. त्याचीं कारणें क्रमानें मांडतों.

२. संज्ञा व मानें

पिस्तूल व काडतूस हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या संसर्गानें आले. बोलण्यांत गोळी व काडतूस यांचा भेद राहत नाहीं; परंतु लेखनांत तो पाळला पाहिजे. काडतूस हा समुदाय व गोळी हा त्याचा एक अवयव. असे अवयव चार आहेत : धातूची पुंगळी, तींतील दारू, पुंगळीच्या तोंडाशीं बसविलेली गोळी, आणि बुडाशीं ठिणगी पाडणारा स्फोटक मसाला. हा मसाला बुडाच्या कांठांत भरलेला असला म्हणजे तें कांठावर पेटणारें काडतूस होय. मधोमध निराळ्या टोपींत असला म्हणजे तें मध्यावर पेटणारें होय. पहिल्या जातीची पुंगळी एकदां उडाल्यावर निरुपयोगी होते. दुसरीची टोपी बदलून तींत पुन्हां दारू व गोळी भरतां येते. पुढील विवेचनांत हा भेद वारंवार येणार आहे.

गोळीचें वजन इंग्रजी ग्रेनांत सांगण्याची वहिवाट आहे. ७००० ग्रेनांचा एक रत्तल. आपल्याकडील १८० ग्रेनांचा तोळा धरिला तर मासा १५ ग्रेनांचा व गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित् अधिक येते. म्हणजे ४० ग्रेनांची गोळी सोनाराच्या कांट्यावर २ मासे व सवापांच गुंजांच्या सुमारास भरेल. हें मान ध्यानांत ठेविल्यास पुढील आंकडे केवळ आंकडे राहणार नाहींत.

व्यासाचीं नांवें मात्र सावधपणें वाचावीं. .२२ म्हणजे इंचाचे शंभर भाग करून त्यांतील बावीस. हें सुमारें ५.६ मिलिमीटर होतें व तें नांवास बरेंचसें अनुरूप आहे. परंतु '.३८ स्पेशल' या काडतुसाची गोळी खरोखर .३५७ इंच व्यासाची असते. जुन्या पद्धतींत गोळीचा बाहेरील भाग पुंगळीइतकाच जाड असे, त्या काळचें नांव पद्धति बदलल्यावरहि चिकटून राहिलें. '.४४ रशियन' या नांवाखालीं .४२९ इंचाची गोळी असते. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील नांव व पुष्पिकेंतील नांव यांत अंतर पडल्यास आपण पुष्पिकेस मान देतों. येथेंहि मापणीच्या कंपासाचा शब्द डबीवरील नांवाहून बलवत्तर समजावा.

३. शुक्रनीतींतील नालिका

गोळी कोणत्या धातूची असावी हा प्रश्न निघतांच आपल्याकडील अभ्यासकांस शुक्रनीतीची आठवण होते, म्हणून त्याचा परामर्श येथेंच घेतों. त्या ग्रंथाच्या चवथ्या अध्यायांत लघुनालिका व बृहन्नालिका अशा दोन नळ्या सांगितल्या आहेत. लघुनालिकेच्या मूळाशीं व अग्राशीं तीळाएवढे बिंदु असावेत, म्हणजे त्यांच्या योगें लक्ष्य साधतां येईल, असें तेथें म्हटलें आहे. अग्निचूर्णाचें प्रमाण सोरा पांच पळें, गंधक एक पळ व कोळसा एक पळ असें दिलें असून, लघुनालिकेची गोळी शिशाची किंवा अन्य धातूची करावी असें सांगितलें आहे.

हें वर्णन वाचून प्राचीन भारतांत पिस्तुलें होतीं असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांस झाला. १८८० मध्यें गुस्ताव ओपर्ट यांनीं त्यास पांडित्याचा आधारहि दिला. परंतु ह्याच स्थळीं यंत्राच्या आघातानें अग्नि पाडणाऱ्या दगडाचा उल्लेख आहे. हा चकमकीचा घोडा झाला. आणि चकमकीची परिपूर्ण कळ युरोपांतहि सतराव्या शतकाच्या आरंभापूर्वींची नाहीं. अर्थात् हे श्लोक ज्यानें रचिले त्यानें चकमकी बंदूक पाहिलेली होती. ग्रंथाचा हा भाग अर्वाचीन आहे असें जें मत पुढें प्रबळ झालें, तेंच आम्हांस ग्राह्य वाटतें.

असें असूनहि या श्लोकांचें मोल कमी होत नाहीं. ज्यानें ते लिहिले त्यानें तीन गोष्टी नेमक्या हेरल्या : दोन बिंदूंची सरळ रेषा, दारूचें ठराविक प्रमाण, आणि लहान नळीस शिसें. आजहि ऑलिंपिक सामन्यांच्या नियमांप्रमाणें पिस्तुलाची गोळी शिशाची किंवा तत्सम मऊ पदार्थाचीच असावी लागते. शिसें जड असून मऊ असतें. तें नळींतील आंट्यांत सहज दबून बसतें व फिरकी घेतें, आणि पोलादी नळी झिजवीत नाहीं. प्राचीनत्वाचा दावा गेला, तरी निरीक्षण खरें राहिलें.

४. ठिणगीपासून काडतुसापर्यंत

चकमकीच्या पिस्तुलानें अचूक नेम साधणें दुर्घट असे, त्याचें मुख्य कारण कालविलंब. चाप ओढल्यापासून काजळींतील दारू पेटून आंतील दारूस अग्नि पोंचेपर्यंत हात हालत असे. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साइथ नांवाच्या पाद्र्यानें १८०७ मध्यें आघातानें पेटणाऱ्या मसाल्याचें स्वामित्व मिळविलें, तेव्हां हा विलंब जवळजवळ नाहींसा झाला. पुढें १८१२ मध्यें पॅरिस येथें झां सॅम्युएल पॉली यानें मसाला, दारू व गोळी एकत्र असलेल्या काडतुसाचें स्वामित्व घेतलें.

आमच्या विषयाचा खरा मूळपुरुष मात्र लुई निकोला फ्लोबेर हा होय. १८४५ च्या सुमारास ह्या फ्रेंच कारागिरानें एक अगदीं साधी गोष्ट केली. आघाताची टोपी घेऊन तिच्याच तोंडांत त्यानें एक लहानशी शिशाची गोळी बसविली. दारू मुळींच नाहीं. टोपींतील मसाल्याचा जो धक्का तेवढाच. असल्या काडतुसानें ना शत्रु मरावयाचा ना सावज. परंतु दिवाणखान्यांत, पांचदहा पावलांवर, पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर नेम धरण्यास तें उत्तम होतें. आवाज थोडा, धूर थोडा, धक्का तर नाहींच. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत फ्लोबेरचीं हत्यारें मांडलेलीं होतीं.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. धातूच्या पुंगळीचें, कांठावर पेटणारें जें काडतूस पुढें जगभर पसरलें, त्याचा जन्म रणांगणावर झालेला नाहीं. तो नेमबाजीच्या करमणुकींत झालेला आहे. लढाईच्या काडतुसापासून नेमबाजीचें काडतूस उतरलें नाहीं. उलट नेमबाजीच्या काडतुसास दारूची जोड देऊन पुढें कांहीं काळ लढाऊ काडतुसें बनविण्यांत आलीं. पहिल्या समजाचें खंडन येथेंच होतें.

अमेरिकेंतील स्मिथ व वेसन यांनीं फ्लोबेरची कल्पना घेऊन पुंगळी लांबविली, तींत ४ ग्रेन काळी दारू घातली, वर २९ ग्रेनांची, म्हणजे दोन माशांस किंचित् कमी अशी, गोळी बसविली, आणि १८५७ मध्यें या काडतुसाचें आपलें पहिलें रिव्हॉल्व्हर विक्रीस काढलें. ह्या वर्षाचा आंकडा आपल्या वाचकांस वेगळ्या कारणानें परिचित आहे. त्याच वर्षीं हिंदुस्थानांत कागदी काडतुसांवरील चरबीच्या वार्तेनें केवढा क्षोभ झाला, याची हकीकत विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकांत (प्रसिद्धि १९०७) आलेली आहे. एन्फील्ड बंदुकीची गोळी नळींत सरकावी व दारूची काजळी मऊ राहावी म्हणून त्या काडतुसास वंगण लाविलेलें असे. वंगणाची ही गरज धातूच्या काडतुसानेंहि संपली नाहीं. आजच्या .२२ च्या गोळीवरहि मेणाचा किंवा तत्सम पदार्थाचा पातळ लेप असतो, व त्याच्या सारखेपणावर नेमाची सूक्ष्मता पुष्कळशी अवलंबून असते. ज्या वस्तूमुळें एका देशांत राज्य हादरलें, तिचें मूळ कार्य इतकें साधें होतें.

५. बावीसाचीं तीन भावंडें

स्मिथ व वेसन यांच्या १८५७ च्या काडतुसास पुढें '.२२ शॉर्ट' म्हणूं लागले, कारण १८७१ मध्यें त्याहून लांब पुंगळीचें '.२२ लाँग' निघालें. १८८७ मध्यें स्टीव्हन्स कंपनीनें त्या लांब पुंगळींत ५ ग्रेन दारू घालून वर ४० ग्रेनांची गोळी बसविली व त्यास '.२२ लाँग रायफल' हें नांव दिलें. तीन भावंडांपैकीं मधलें हळूहळू मागें पडलें. थोरलें व धाकटें टिकलें. धाकट्याच्या नांवांत 'रायफल' असलें तरी पिस्तुलाच्या नेमबाजींत आज सर्वत्र तेंच चालतें. यास्तव संग्रहांतील डबीवर 'रायफल' हा शब्द दिसला म्हणून ती डबी बंदुकीच्या सदरांत घालूं नये.

थोरल्याचें आयुष्यहि मोठें विलक्षण झालें. जलद गोळीबाराच्या सामन्यांत पांच लक्ष्यांवर पांच गोळ्या आठ, सहा व चार सेकंदांत टाकावयाच्या असतात. तेथें प्रत्येक गोळीनंतर पिस्तुलाचें तोंड किती उचलतें यावर सारें यश असतें. म्हणून नेमबाजांनीं जाणूनबुजून दुर्बळ तें निवडलें. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या काळांतील वाल्थेर कंपनीचें जलद गोळीबाराचें पिस्तूल .२२ शॉर्टचेंच होतें. हंगेरीचा कारोय ताकाच याचा उजवा हात १९३८ मध्यें हातबाँबच्या स्फोटानें निकामी झाला. त्यानें डाव्या हातानें नेम शिकून १९४८ मध्यें लंडन व १९५२ मध्यें हेलसिंकी येथें ह्याच प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर नियम बदलले व ह्या प्रकारांतहि लाँग रायफल आवश्यक झालें. एका काडतुसाची जवळजवळ दीडशें वर्षांची कारकीर्द नियमाच्या एका वाक्यानें संपली. जुन्या शॉर्टच्या पिस्तुलांस तेव्हांपासून संग्राहकांचें घर हेंच आश्रयस्थान उरलें आहे.

६. मोठ्या व्यासाची शाखा

दुसरी शाखा मध्यावर पेटणाऱ्या काडतुसांची. हिच्या मुळाशीं मात्र लढाऊ काडतूस आहे, हें मान्य केलें पाहिजे. १८७० नंतर रशियन सरकारच्या मागणीवरून स्मिथ व वेसन यांनीं जें .४४ चें काडतूस केलें त्यांत गोळी पुंगळीच्या आंत बसे व तिचें वंगण झांकलेलें राही. ह्या स्वच्छतेमुळें व अचूकतेमुळें तें काडतूस पुढील दोन दशकांत नेमबाजांचें आवडतें झालें. १८९६ मध्यें '.३२ स्मिथ अँड वेसन लाँग' व त्यानंतर थोड्याच काळांत '.३८ स्पेशल' निघालें. यांच्या गोळ्या अनुक्रमें ९८ व १५८ ग्रेनांच्या होत्या.

परंतु नेमबाजांनीं ह्या काडतुसांचें रूप पार पालटून टाकिलें. त्यांनीं गोळीचें नाक छाटलें. ज्यास 'वॉडकटर' म्हणतात ती गोळी पुढून सपाट, जणु लहानसें नाणें, अशी असते. गोल नाकाची गोळी कागद फाडीत जाते व भोंकाची कड अस्पष्ट राहते. सपाट गोळी कागदांत चकती कापल्यासारखें स्वच्छ भोंक पाडते. नेमबाजींत भोंकाची कड मंडलाच्या रेषेस लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून कड स्पष्ट असणें हा न्यायाचा प्रश्न होतो. .३८ स्पेशलची अशी गोळी १४८ ग्रेनांची, म्हणजे सुमारें दहा मासे, असून ती पुंगळीच्या तोंडाशीं सपाट बुडवून बसवितात, व मागून अल्प दारू देतात. १९६१ मध्यें स्मिथ व वेसन यांनीं काढलेलें ५२ क्रमांकाचें पिस्तूल तर केवळ ह्याच बुडविलेल्या गोळीचें काडतूस घेई. येथें काडतुसानें पिस्तुलास आज्ञा दिली, पिस्तुलानें काडतुसास नव्हे.

७. नियमांचा हात

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें जॉन व समनर पेन हे अमेरिकन बंधु पिस्तुलाच्या दोन प्रकारांत विजयी झाले. पण जलद गोळीबाराच्या प्रकारांत त्यांचीं .२२ चीं पिस्तुलें विहित व्यासाचीं नाहींत म्हणून त्यांस भाग घेतां आला नाहीं. त्या काळीं बावीस हें पंचांच्या दृष्टीनें गंभीर काडतूस नव्हतें. पुढें त्याच प्रकारांत बावीसावांचून दुसरें कांहीं चालेनासें झालें, हा कालमहिमा होय.

ह्या पालटास बोअर युद्ध हें एक कारण झालें. आपल्या शिपायांचा नेम कच्चा आहे हें इंग्रजांस तेथें कळून आलें, आणि १९०१ मध्यें लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुरस्कारानें लहान व्यासाच्या बंदुकांचे नेमबाजी संघ निघाले. स्वस्त काडतूस, लहान आवार व पुष्कळ आवृत्ति हें त्यांचें सूत्र होतें. १९०७ मध्यें नेमबाजीचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला व नियमांत एकसूत्रता येऊं लागली. सांप्रतच्या नियमांप्रमाणें मध्यावर पेटणाऱ्या काडतुसांच्या २५ मीटरच्या प्रकारांत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यास चालतो. स्त्रियांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारांत, जो १९८४ पासून ऑलिंपिकमध्यें आहे, ५.६ मिलिमीटर म्हणजे .२२ लाँग रायफल लागतें. ५० मीटरचा पिस्तूल प्रकार २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर त्या महोत्सवांतून वगळण्यांत आला. निवडीचा पहिला प्रश्न 'कोणतें उत्तम' हा नसून 'कोणत्या प्रकारासाठीं' हा आहे, असें यावरून दिसेल.

८. निवडीचीं प्रमाणें

आतां दुसऱ्या समजाकडे वळूं. गोळीचें वजन व वेग यांचा गुणाकार हें धक्क्याचें स्थूल माप धरिलें, तर .२२ लाँग रायफलची ४० ग्रेनांची गोळी सेकंदास सुमारें १००० फुटांनीं जात असतां जो धक्का बसतो त्यास एक म्हणूं. मग .३२ च्या ९८ ग्रेनी सपाट गोळीचा धक्का दोहोंस थोडा कमी, .३८ च्या १४८ ग्रेनी गोळीचा पावणेतिनांच्या जवळ, आणि .४५ च्या १८५ ग्रेनी नेमबाजीच्या गोळीचा साडेतिनांहून किंचित् अधिक येतो. कागद फाडण्यास यांपैकीं सर्वांत लहान धक्काहि पुरेसा आहे. शिल्लक जोर कोठें जातो? तो नेमबाजाच्या मनगटांत व पापण्यांत जातो. धक्क्याच्या भयानें गोळी सुटण्यापूर्वींच हात आवळण्याची जी खोड लागते ती एकदां जडली म्हणजे घालविण्यास फार काळ लागतो. ज्यास पुढें मोठें पिस्तूल चालवावयाचें आहे त्यानेंहि आरंभ .२२ वर करावा, असा अनुभवी शिक्षकांचा परिपाठ आहे तो याचमुळें.

मोठ्या व्यासास एक लाभ आहे हें खरें. ५.६ व ९.६५ मिलिमीटर व्यासांच्या भोंकांत एका बाजूस सुमारें २ मिलिमीटरांचा फरक पडतो, व रेषेस स्पर्श करणारी गोळी वरचा गुण घेते. परंतु २५ मीटरच्या सूक्ष्म नेमाच्या लक्ष्यावर दहा गुणांचें मंडल ५० मिलिमीटरांचें असतें. धक्क्यानें हात जेवढा हालतो त्यापुढें हा दोन मिलिमीटरांचा लाभ नवशिक्यास मिळत नाहीं.

वेगाविषयींहि असेंच. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ११२० फूट. गोळी त्या मर्यादेच्या आगेमागें असली कीं तिच्या गतींत क्षोभ होतो. १९३० च्या सुमारास .२२ चीं अतिवेगी काडतुसें बाजारांत आलीं व शिकाऱ्यांनीं त्यांचें स्वागत केलें. नेमबाज मात्र मंद, 'स्टँडर्ड' वेगाच्या काडतुसांपाशींच राहिले. पिस्तुलाची नळी आंखूड असल्यानें अशी गोळी तेथून बहुधा ध्वनीच्या मर्यादेखालींच निघते. २५ मीटरांवर हवेचा परिणाम थोडा असतो; तेथें मंद वेगाचा मुख्य लाभ अल्प धक्का व एकसारखेपणा हा होय.

एकसारखेपणा हाच या साऱ्या शास्त्राचा प्राण आहे. दहा गोळ्या सारख्याच वेगानें गेल्या तर वेग किती हा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण पिस्तुलाचा दर्शक त्या वेगास अनुसरून बसवितां येतो. एकच दारू, एकच मसाला व एकच यंत्र वापरलें तरी प्रत्येक घाण्यांत बारीक फरक राहतात. म्हणून चांगले कारखानदार डबीवर घाण्याचा क्रमांक छापतात. १८२८ मध्यें स्थापन झालेला इंग्लंडचा ईले व १९२३ मध्यें स्थापन झालेला फिनलंडचा लापुआ हे कारखाने असल्या काडतुसांकरितां प्रसिद्ध आहेत. तथापि एकाच नांवाच्या दोन घाण्यांपैकीं एक आपल्या नळीस मानवतो व दुसरा मानवत नाहीं, हें नेहमींचें आहे.

येथें न्यायशास्त्रांतील प्रमाणविचार उपयोगी पडतो. कारखान्याची जाहिरात हें शब्दप्रमाण. डबीवरील वेग व वजन यांवरून केलेला तर्क हें अनुमान. कागदावरील भोंकें हें प्रत्यक्ष. तिहींत विरोध आला तर प्रत्यक्षास मान द्यावा. मात्र प्रत्यक्षहि निर्दोष असावें लागतें. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर किंवा शेगड्यांत घट्ट धरून, ज्या अंतरावर सामना आहे त्याच अंतरावर, प्रत्येक घाण्याच्या निदान दहा दहा गोळ्या अनेकदां टाकाव्या व सर्वांत दूरच्या दोन भोंकांच्या मध्यबिंदूंतील अंतर मोजावें. पांच गोळ्यांचा एकच सुंदर पुंजका दैवाचाहि असूं शकतो. जात बदलल्यावर आरंभींच्या कांहीं गोळ्या हिशेबांत धरूं नयेत, कारण नळींत आधींच्या काडतुसाचें वंगण राहिलेलें असतें. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांत काडतूस इतकें मंद नसावें कीं पुंगळी बाहेर पडण्यास जोर अपुरा पडेल. शंभर गोळ्या अडथळ्यावांचून गेल्या नाहींत तर तें काडतूस कितीहि अचूक असलें तरी सामन्याच्या कामाचें नाहीं. सरावाकरितां स्वस्त घाणा घेण्यास हरकत नाहीं, पण त्याचा धक्का व लक्ष्यावरील पतनबिंदु सामन्याच्या काडतुसाशीं जुळता असावा; नाहीं तर सराव एका पिस्तुलाचा व परीक्षा दुसऱ्याची असें होतें.

९. महाराष्ट्राचा संबंध

हा विषय आपल्यास अगदींच परका नाहीं. पुण्याजवळ खडकी येथें १८६९ मध्यें दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. त्याच्या लहान काडतुसांच्या बुडावर 'के. एफ्.' अशीं रोमन अक्षरें उठविलेलीं असत. जगभरचे काडतूस-संग्राहक ह्या मुद्रेवरून खडकीचा माल ओळखतात. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्यें राष्ट्रीय नेमबाजी संघटना निघाली, तिचे संस्थापक लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळणकर होत. रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगे हें त्यांच्या घराण्याचें मूळ गांव. त्यांच्या नांवानें अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरविण्यांत येते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत २५ मीटर पिस्तूल प्रकारांत सुवर्णपदक जिंकलें. त्या स्पर्धेच्या इतिहासांत नेमबाजीचें वैयक्तिक सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. त्यांच्या हातांतील काडतूस १८८७ च्या त्याच धाकट्या भावंडाचें, ४० ग्रेनी शिशाच्या गोळीचें होतें.

१०. संग्राहकांस विनंति

उपसंहारार्थ दोन व्यावहारिक गोष्टी सांगतों. काडतुसाच्या बुडावरील अक्षरें हा लघुशिलालेखच आहे. त्याचा ठसा घ्यावा, व्यास व लांबी मोजावी, आणि गोळीचें नाक गोल कीं सपाट, वंगण उघडें कीं झांकलेलें, हें टिपून ठेवावें. मूळ डबी व तिजवरील घाण्याचा क्रमांक कदापि टाकूं नये. पुष्पिका कापलेल्या पोथीची जी दशा तीच डबी हरवलेल्या काडतुसाची. जुन्या मसाल्यांत असलेल्या क्षारानें नळीस गंज चढे. १९२० च्या दशकांत गंज न आणणारा मसाला निघाला. सबब नळींतील गंजाच्या खुणा पाहून पिस्तूल कोणत्या काळीं वापरांत होतें याचाहि कांहीं तर्क करतां येतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्रअधिनियमाप्रमाणें जिवंत काडतूस अनुज्ञापत्रावांचून बाळगणें हा अपराध आहे. तें शंभर वर्षांचें आहे ही सबब चालत नाहीं. जुन्या वाड्यांत सांपडलेलें काडतूस घरीं खोलण्याच्या भरीस न पडतां पोलिसांच्या स्वाधीन करावें, व डबी आणि उडालेली पुंगळी यांचाच संग्रह करावा. इतिहासास तेवढें पुरेसें आहे.

लढाईचीं काडतुसें अधिकाधिक जोर शोधीत गेलीं. नेमबाजीच्या काडतुसानें पावणेदोनशें वर्षें उलट वाट धरिली. तें आवाज, धूर, धक्का व नाक एकेक टाकीत गेलें, आणि शेवटीं त्यापाशीं फक्त एकसारखेपणा उरला. त्या लहानशा पुंगळीस संग्रहांत एक चिठ्ठी व एक खण मिळावा, एवढीच आमची विनंति आहे.